सिली बेटांवरील अविभक्त शेत : खंड, फुले आणि तंबू

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास लँड्स एंड नावाचे भूशिर आहे. तेथून सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर, अटलांटिक महासागरात, सिली हा लहानसा द्वीपसमूह पसरलेला आहे. त्यातील सेंट मेरीज, ट्रेस्को, सेंट मार्टिन्स, ब्रायर आणि सेंट ॲग्नेस या पाचच बेटांवर आज वस्ती असून साऱ्या समूहाचे क्षेत्रफळ जेमतेम सोळा चौरस किलोमीटर भरते. २०२१ च्या शिरगणतीत येथील लोकसंख्या सुमारे २१०० होती. गेल्या दोन दशकांत या बेटांवरील काही शेतांच्या बांधावर उन्हाळी पाहुण्यांसाठी एका नव्या प्रकारची सोय दिसू लागली आहे. लाकडी तक्तपोशीवर उभारलेला प्रशस्त तंबू, आत पलंग, गाद्या, लाकडावर पेटणारी शेगडी, भांडीकुंडी, आणि दाराशी शेतातील अंडी अथवा दूध, असे तिचे साधारण स्वरूप असते. अशा निवासाच्या जाहिरातीत शेताला 'ऐतिहासिक' आणि 'कौटुंबिक' ही दोन विशेषणे हटकून लावलेली असतात. तंबू सर्वांनाच दिसतो. विशेषणांकडे मात्र सहसा कोणी थांबून पाहत नाही. सिली बेटांच्या बाबतीत ही दोन्ही विशेषणे खरी आहेत, परंतु ती कोणत्या किमतीने खरी झाली, हे पाहिल्यावाचून त्या तंबूचाही अर्थ नीट लागत नाही.

प्रथम या सोयीच्या नावाचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. 'ग्लॅम्पिंग' हा शब्द 'ग्लॅमर' आणि 'कॅम्पिंग' यांच्या संकराने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ झाला आणि २०१६ साली ऑक्सफर्डच्या बृहत्कोशात दाखल झाला. त्याचे दोन्ही घटक मुळापासून पाहण्याजोगे आहेत. 'ग्लॅमर' हे 'ग्रॅमर' याच शब्दाचे स्कॉटलंडमधील रूपांतर होय. मध्ययुगात लॅटिन व्याकरण जाणणारा मनुष्य सामान्य जनांस मांत्रिकासमान वाटे. म्हणून व्याकरणवाचक शब्दास गूढविद्या, जादू, नजरबंदी असा अर्थ चिकटला, आणि पुढे वॉल्टर स्कॉटच्या लेखनामुळे हे स्कॉटिश रूप इंग्रजीत सर्वत्र पसरले. एका शब्दातील दोन रकारांपैकी पहिल्याचा लकार होणे ही विषमीकरणाची क्रिया मराठीच्या अभ्यासकास नवीन नाही. 'दरिद्र' या शब्दाचे प्राकृतातून आलेले 'दळिद्र' हे रूप त्याच मार्गाने सिद्ध झाले आहे. ऐश्वर्याची मोहिनी आणि दारिद्र्य या दोहोंचे वाचक शब्द एकाच ध्वनिनियमाने घडावेत, हा योगायोग मनोरंजक खरा. दुसऱ्या घटकाचे मूळ लॅटिन 'कांपुस' म्हणजे मोकळे मैदान, शेत. सैन्याचा तळ मैदानावर पडे म्हणून तळाला ते नाव मिळाले, आणि सैन्याच्या मागोमाग विसाव्या शतकाच्या आरंभी सायकलस्वार हौशी प्रवाशांनी ते उचलले. शेतकऱ्याच्या रानात उभारलेल्या या तंबूत तो शब्द आपल्या मूळ अर्थाजवळ परत आला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. आपल्या भाषेत राहुटी आणि शामियाना हे दोन भिन्न दर्जाचे शब्द पूर्वीपासून असल्यामुळे या वस्तूसाठी संकरित शब्द घडविण्याची गरज कदाचित भासली नसती.

आता शेताकडे वळावे. सिली बेटांवरील शेतकरी हा जमिनीचा मालक नव्हे, कूळ आहे, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. इंग्लंडच्या राजाच्या ज्येष्ठ पुत्राच्या उपजीविकेसाठी १३३७ साली 'डची ऑफ कॉर्नवॉल' या नावाची जहागीर निर्माण करण्यात आली. ही बेटे त्या जहागिरीचा भाग होत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८३१ पर्यंत गोडॉल्फिन घराणे आणि त्याचे वारस यांच्याकडे बेटांचा मक्ता होता. मक्तेदार दूर राही, त्याचा कारभारी खंड वसूल करी, आणि जमिनीची वाटणी कशी होते याकडे कोणी फारसे लक्ष देत नसे. बाप मेला की त्याच्या ताब्यातील तुकडा मुलांत वाटला जाई. तुकड्याचे पुन्हा तुकडे होत. एका कुटुंबाची शेते बेटाच्या चार दिशांना विखुरलेली आणि त्यांतील एकही नांगर फिरविण्याच्या लायकीचे नाही, अशी अवस्था झाली होती.

अशा तुकड्यावर केवळ धान्य पिकवून कुटुंब जगणे अशक्यच होते, आणि खरोखर तसे ते कधी जगलेही नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून समुद्रशेवाळ जाळून त्याची राख विकण्याचा धंदा येथे चालत असे. ती राख काच आणि साबण यांच्या कारखान्यांना लागे. उन्हाळ्यात किनाऱ्यावर दगडांनी बांधलेल्या खड्ड्यांतून दिवसचे दिवस धूर निघे. त्याखेरीज वादळी समुद्रात परक्या जहाजांना वाट दाखविणे, त्यासाठी सहा वल्ह्यांच्या अरुंद नावा राखणे, फुटलेल्या जहाजांचा माल काढणे, मासेमारी आणि थोडीबहुत चोरटी आयात हे सारे मिळून एका घराचा संसार भागे. अर्ध्या एकराचे शेत आणि नावेतील एक वल्हे, अशी ती उपजीविका होती. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चोरट्या आयातीवर पहारा बसला, शेवाळाच्या राखेचा भाव उतरला, आणि बाहेरच्या बेटांवर उपासमारीची पाळी आली. पेन्झान्स येथे या बेटकऱ्यांसाठी वर्गणी गोळा करावी लागली.

या परिस्थितीत १८३४ साली ऑगस्टस स्मिथ या हर्टफर्डशरमधील धनिक बँकव्यावसायिकाच्या मुलाने बेटांचा मक्ता घेतला. त्याने 'लॉर्ड प्रोप्रायटर' ही पदवी धारण केली, ट्रेस्को बेटावर घर बांधले, आणि दूर राहून खंड खाणाऱ्या मक्तेदारांची परंपरा मोडून तेथेच आयुष्य काढले. जमिनीची वाटणी त्याने साफ बंद केली. विखुरलेले तुकडे एकत्र करून त्याने जोतण्याजोगी शेते बांधली आणि कुळाच्या मागे त्याच्या मुलांपैकी एकासच ते शेत मिळेल, असा नियम केला. उरलेल्या मुलांनी जहाजावर जावे, कारागिरी शिकावी अथवा मुख्य भूमीवर चाकरी धरावी. मुंबई प्रांतात १९४७ साली जो तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा झाला, त्याचा हेतू याहून फारसा निराळा नव्हता. फरक इतकाच की, सिलीत कायदेमंडळ, मामलेदार आणि अपील ही सर्व एकाच गृहस्थाच्या ठायी एकवटली होती.

बाहेर पडणाऱ्या मुलांना काही विद्या हवी, हे स्मिथला कळत होते. म्हणून त्याने शाळा काढल्या आणि हजेरी सक्तीची केली. मूल शाळेत आले तर आठवड्यास एक पेनी फी आणि घरी राहिले तर दोन पेनी, अशी त्याची युक्ती प्रसिद्ध आहे. इंग्लंडात शाळेची सक्ती १८८० साली आली. ती या बेटांवर त्यापूर्वी कित्येक दशके अमलात होती. इतिहासकार या शाळांचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. परंतु शाळा आणि अविभाज्य शेत ही एकाच योजनेची दोन अंगे होती, हे त्या कौतुकात पुष्कळदा विसरले जाते. एका भावाला शेत देण्यासाठी बाकीच्यांना नौकानयनाचे गणित शिकविण्यात आले. सिलीतून निघालेल्या खलाशांची आणि कप्तानांची कीर्ती मोठी आहे. ती ज्या घरांतून आली त्या घरांत त्यांना परत जागा नव्हती.

सॅमसन बेटाची हकीकत याहून कठोर आहे. या बेटावरील थोडी कुटुंबे अत्यंत हलाखीत राहत होती. पाण्याची टंचाई होती, आणि अन्न बहुतांशी बटाटे व किनाऱ्यावरील शिंपले हेच होते. स्मिथने १८५५ च्या सुमारास त्यांना तेथून हलविले आणि बेटावर हरणांचे उद्यान करण्याचा घाट घातला. उद्यान साधले नाही. भिंत मात्र उरली. हे स्थलांतर लोकहितासाठी होते की धन्याच्या हौसेसाठी, याविषयी आजही मतभेद आहेत, आणि कदाचित दोन्ही गोष्टी खऱ्या असतील. याच स्मिथने पुढे १८६६ च्या मार्च महिन्यात, आपल्या मूळ गावी बर्कमस्टेड येथे, एका उमरावाने गायरानाभोवती घातलेले लोखंडी कुंपण लंडनहून मजूर आणवून एका रात्रीत उखडून टाकले. त्या प्रकरणाचा न्यायालयातील निकाल १८७० साली स्मिथच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या, बाजूने लागला, आणि सार्वजनिक गायरानांच्या रक्षणाच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतले जाते. एका ठिकाणी कुळांना उठविणारा मनुष्य दुसऱ्या ठिकाणी गावकीच्या हक्कासाठी लढतो, यात विसंगती आहे खरी. पण एकोणिसाव्या शतकातील सुधारक जमीनदारांचा स्वभाव ज्यांनी अभ्यासला आहे, त्यांना ती अनपेक्षित वाटणार नाही.

स्मिथ १८७२ साली निवर्तला. त्याने बांधलेली शेते एका कुटुंबाला पुरेशी झाली होती, पण केवळ बटाट्यावर ती फार काळ तगली असती असे दिसत नाही. त्यांना तारले ते फुलांनी.

नरगिसाच्या जातीची फुले बेटांवर पूर्वीपासून बांधाबांधाने उगवत असत. ती कोणी आणली, याविषयी मठवासी साधूंपासून डच खलाशांपर्यंत अनेक दंतकथा आहेत. १८७० च्या आगेमागे सेंट मेरीजवरील रॉकी हिल येथील विल्यम ट्रेव्हेलिक या शेतकऱ्याने टोपीच्या खोक्यात थोडी फुले घालून लंडनच्या कॉव्हेंट गार्डन बाजारात पाठविली आणि अनपेक्षित दाम आला, असे परंपरा सांगते. या परंपरेचा तपशील ठिकठिकाणी बदलतो. पण धंद्याची खरी कारणे टोपीच्या खोक्यात शोधण्याची गरज नाही. सिलीचा हिवाळा सौम्य, दव क्वचितच गोठते. एका दांड्यावर अनेक फुले येणारी सुवासिक 'सोलेल दॉर' ही जात थंडी सोसत नाही, म्हणून ती मुख्य भूमीवर उघड्यावर होत नाही, आणि येथे मात्र ऐन हिवाळ्यात फुलते. सॉल्टॅश येथील रेल्वेपूल १८५९ साली झाला, १८६७ पासून पेन्झान्सहून लंडनपर्यंत थेट गाडी धावू लागली, आणि १८७५ साली 'लेडी ऑफ दि आइल्स' ही आगबोट बेटांच्या वाहतुकीसाठी आली. शुक्रवारी खुडलेले फूल सोमवारच्या बाजारात ताजे विकता येऊ लागले, तेव्हाच फुलशेती हा धंदा झाला. स्मिथचा पुतण्या व वारस थॉमस ॲल्जर्नन डोरियन-स्मिथ याने परदेशांतून कंद आणवून कुळांना हा मार्ग दाखविला.

या शेतीचे तंत्र विलक्षण आहे. खारा वारा हा तिचा मुख्य शत्रू. त्यासाठी शेतांचे लहान लहान चौकोन पाडून त्यांभोवती पुरुषभर आणि त्याहूनही उंच अशा सदाहरित झुडपांच्या भिंती वाढविल्या. न्यूझीलंडचे पिटोस्पोरम, जपानचे युऑनिमस आणि चिलीतील एस्कलोनिया अशा तीन दूरदेशीच्या वनस्पती त्यात आहेत. इंग्रजीत 'हेज' म्हणावयाचे, तेथे बेटकरी 'फेन्स' म्हणतात. या बोलीविशेषाची नोंद भाषाभ्यासकांनी घेण्याजोगी आहे. फूल लवकर यावे म्हणून उन्हाळ्यात कंदांच्या वाफ्यांवर पेंढा जाळीत. त्याने माती तापते म्हणून फूल लवकर येते, असा पूर्वी समज होता. धुरातील इथिलीन वायूचा तो परिणाम आहे, हे नंतरच्या संशोधनाने दाखविले. आता वाफ्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन घालून त्याखाली धूर सोडतात. खुडणी ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत चाले. फुलांच्या जुड्या बांधण्याचे काम रात्री उशिरापर्यंत घरातील बायका आणि मुले करीत. मजुरीवर इतकी माणसे लावणे परवडणारे नव्हते. 'कौटुंबिक शेत' या शब्दप्रयोगातील 'कुटुंब' म्हणजे मुख्यतः हे बिनमोल मनुष्यबळ होते.

१९२० च्या सुमारास ट्रेस्कोखेरीज इतर वसाहतीची बेटे डोरियन-स्मिथ घराण्याने जहागिरीकडे परत केली आणि तेथील शेतकरी थेट डचीची कुळे झाली. १९४९ साली सेंट मेरीजवरील ह्यू टाउन या गावातील घरे रहिवाशांना विकत देण्यात आली. शेतजमीन मात्र बहुतांशी खंडानेच राहिली. पुढे मुख्य भूमीवरील विस्तीर्ण शेतांतील आणि परदेशांतून विमानाने येणाऱ्या स्वस्त फुलांपुढे बेटांची सरशी ओसरली. जानेवारी १९८७ मधील अपूर्व हिमपाताने ट्रेस्कोच्या उद्यानाची आणि अनेक कुंपणांची धूळधाण केली. १९९० च्या वादळाने उरलेसुरले झोडपले. टपालाने थेट ग्राहकाच्या घरी फुले पाठविण्याच्या पद्धतीमुळे हा धंदा काही शेतांवर आजही टिकून आहे; तथापि बेटांचा सर्वांत मोठा आधार आता प्रवासी हाच आहे. पेन्झान्सहून १९६४ साली सुरू झालेली हेलिकॉप्टरची सेवा २०१२ मध्ये बंद पडली आणि २०२० मध्ये पुन्हा सुरू झाली, या एका घटनेवर बेटांत जितकी चर्चा झाली तितकी क्वचितच दुसऱ्या कशावर झाली असेल.

या पार्श्वभूमीवर शेतातील तंबू पाहिला म्हणजे त्याचे नावीन्य बरेचसे ओसरते. राख, वल्हे, बटाटे, फुले या मालिकेतील तो पुढचा दुवा आहे. त्याची सोय कालगणनेतही आहे. फुलांचे काम हिवाळ्याचे, पाहुण्यांचे काम उन्हाळ्याचे. कंद जमिनीत निजलेले असताना घरातील हात मोकळे असतात. फुलांसाठी वाढविलेल्या कुंपणांचा आडोसा काही ठिकाणी तंबूंनाही लाभतो. जो ट्रॅक्टर एके काळी फुलांच्या पेट्या धक्क्यावर नेई, तोच उलट दिशेने पाहुण्यांच्या पेट्या धक्क्यावरून शेतावर आणतो. १९७५ पासून या बेटांना निसर्गसौंदर्याचा संरक्षित प्रदेश म्हणून दर्जा असल्यामुळे पक्के बांधकाम करणे सोपे नाही. हंगाम संपताच उतरविता येणारा तंबू त्या बंधनात त्यामानाने सहज बसतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की, घर पाहुण्यांना भाड्याने दिले तर ते बेटावरील शिक्षकाच्या, परिचारिकेच्या अथवा नवविवाहित जोडप्याच्या हातून जाते, आणि घरांची टंचाई ही येथील जुनी व्यथा आहे. तंबू कोणाचे घर हिरावून घेत नाही.

सेंट ॲग्नेस बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ट्रॉयटाउन हे लहानसे दुग्धशेत या दृष्टीने उल्लेखनीय आहे. एका कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या या शेतावर थोड्या गाई आहेत, त्यांच्या दुधाचे आइस्क्रीम तेथेच होते, आणि समुद्राला लागून प्रवाशांचा तळ पडतो. जवळच गोट्यांनी रचलेला जो चक्रव्यूह आहे, त्यावरून शेताचे नाव पडले. बेटाचे नाव मात्र अधिक बोलके आहे. ॲग्नेस नावाच्या संत स्त्रीशी त्याचा संबंध नाही. मध्ययुगीन कागदपत्रांत ते 'हॅगनेस' असे येते; प्राचीन नॉर्स भाषेत 'हागी' म्हणजे कुरण आणि 'नेस' म्हणजे भूशिर. शेजारची बेटे संतांच्या नावांची, म्हणून यालाही 'सेंट' जोडले गेले. बेटकरी बोलताना ते अजून जोडीत नाहीत. व्हायकिंग खलाशांनी ज्या टोकाला कुरण म्हटले, तेथे आज तंबूतील पाहुणा सकाळी त्याच कुरणातील दूध घेतो. सिलीतील 'ऐतिहासिक' हे विशेषण कोणत्याही जाहिरातीपेक्षा या नावात अधिक प्रामाणिकपणे नोंदलेले आहे.

'कौटुंबिक' या विशेषणाचे भवितव्य मात्र तितकेसे निश्चित नाही. इंग्लंडमध्ये १९७६ च्या कायद्याने शेतकुळाच्या मागे त्याच्या निकटच्या नातलगांस दोन वेळा वारसाहक्क मिळाला; १९८६ च्या कायद्यात तो कायम झाला; परंतु १२ जुलै १९८४ नंतरच्या करारांना तो सामान्यतः लागू नाही, आणि १ सप्टेंबर १९९५ पासून होणाऱ्या नव्या करारांत वारसाहक्कच नाही, ठरलेली मुदत तेवढी आहे. स्मिथने एका मुलाला शेत देण्याचा नियम घातला होता. नव्या करारात त्या एकाचीही हमी उरलेली नाही. शिवाय जुन्या करारातील वारसाला अशी अट आहे की, मागील सात वर्षांपैकी पाच वर्षे त्याची मुख्य उपजीविका त्या शेतावरील शेतीकामातून झालेली असावी. ज्या मुलाचे वा मुलीचे निम्मे उत्पन्न तंबूंच्या भाड्यातून येते, त्याने अथवा तिने ही अट कशी पुरी करावी, हा केवळ शाब्दिक प्रश्न नव्हे. कुळाचे संरक्षण शेतीच्या वापराशी बांधलेले असल्यामुळे बिगरशेती उद्योगासाठी जमीनदाराची लेखी संमती घ्यावी लागते, आणि तंबू जितके अधिक यशस्वी होतील तितकी शेती या शब्दाची व्याख्या वकिलांपुढे ताणावी लागेल.

या तंबूंत उतरणारे पुष्कळ पाहुणे शांत दिवस पाहून होडीने सॅमसनवर जातात. तेथे दोन टेकड्या, समुद्रपक्षी, आणि छपरे नसलेल्या घरांच्या दगडी भिंती आहेत. त्यांपैकी काहींत चुलीची जागा अजून ओळखू येते. जमिनीच्या बांधांच्या रेषाही नेच्याच्या झुडपांखाली दिसतात. त्या रेषांमधील पट्टे अरुंद आहेत, वाटणीच्या काळातील.